कारवारचा नाविक तळ आणि भोवतालची माणसं

मुंबईची नाविक गोदी शहराच्या गराड्यात सापडलेली आहे. व्यापारी जहाजं, मच्छीमार होड्या आणि युद्धनौका एकाच बंदरातून ये-जा करतात. पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक मोठा, मोकळा तळ हवा, हा आग्रह ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नौदलप्रमुख ऑस्कर डॉसन यांनी धरला. जागा ठरली कारवारच्या दक्षिणेला. पाठीशी सह्याद्री, समोर गोव्याच्या हद्दीतलं अंजदीव बेट. २४ ऑक्टोबर १९८६ रोजी राजीव गांधींनी पायाभरणी केली. पुढे पैशांची ओढाताण झाली आणि हा तळ 'आयएनएस कदंब' या नावाने नौदलात दाखल व्हायला ३१ मे २००५ उजाडला.

इथली शिपलिफ्ट पाहण्यासारखी आहे. भला मोठा फलाट पाण्याखाली उतरवतात, नौका त्यावर आणून नेमकी बसवतात आणि दोन्ही कडेच्या विंचांनी फलाट वर घेतात. दहा हजार टनांपर्यंतची नौका अशी पाण्याबाहेर येते आणि रुळांवरून जमिनीवरच्या दुरुस्तीच्या जागेत सरकते. फलाट लगेच पुढच्या नौकेसाठी मोकळा. एका वेळी अनेक नौकांचं काम चालू शकतं, ते यामुळेच.

पण नौका एकटी येत नाही. एकट्या 'विक्रमादित्य' या विमानवाहू नौकेवर सोळाशेच्या आसपास माणसं असतात. जहाज महिनोन्महिने समुद्रावर असतं, तेव्हा मागे बायकामुलांना घर, शाळा, दवाखाना लागतो. म्हणून वसाहती उभ्या राहिल्या, नौदलाचं 'पतंजली' रुग्णालय आलं. आता दुसऱ्या टप्प्याचं काम चाललंय: ३२ युद्धनौका आणि पाणबुड्या, तळावर राबणाऱ्या २३ छोट्या नौका आणि सुमारे १०,००० गणवेशधारी व नागरी कर्मचारी, कुटुंबांसह, इथे सामावतील. सोबत गोदी आणि नागरी विमानांनाही वापरता येईल असा विमानतळ.

एवढं मोजूनमापून आखणाऱ्यांनी आधीपासून राहणाऱ्यांचा हिशेब मात्र फार तोकडा केला. अरगा, बिणगा, चेंडिया या भागांतली चार हजारांहून जास्त कुटुंबं हलली. तोडूर, मुदगा, हारवाड इथे त्यांच्या वसाहती झाल्या. भरपाईच्या दरासाठी लोक वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले. त्यातही रापणकार मच्छीमारांचं दुखणं वेगळं. रापण ओढायला लांबलचक मोकळी पुळण लागते. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडायचं आणि दोन्ही टोकांना पन्नास-साठ जणांनी मिळून ते किनाऱ्यावर ओढायचं. पुनर्वसनात घराला जागा मिळाली, पण पुळण कुठून देणार? ती गेली आणि पन्नास जणांचा एकत्र धंदाही मोडला.

म्हणून दुसऱ्या टप्प्याकडे माझं लक्ष आहे. विमानतळासाठी अंकोल्याच्या बाजूलाही जमिनी जात आहेत. तिथल्या मुलांना वेल्डिंग, यंत्रदुरुस्ती आणि विजेच्या कामाचं शिक्षण आजच सुरू व्हायला हवं, म्हणजे गोदी पूर्ण चालू होईल तेव्हा कारागीर बाहेरून आणावे लागणार नाहीत. आणि दहा हजारांच्या घरांचे नकाशे मंजूर करणाऱ्यांनी त्याच बैठकीत शेजारच्या गावांचं पाणी, रस्ते आणि होड्या लावायची जागाही ठरवावी.