चालत्या डेटाबेसची प्रत

प्रॉडक्शनचा डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर न्यायची वेळ कधी चाचणीसाठी येते, कधी मशीन बदलायचं म्हणून, तर कधी महिनाअखेरचे जड रिपोर्ट मूळ सर्व्हरवर नकोत म्हणून. डेटाच्या फायली उचलून तिकडे टाकाव्यात, हे पहिल्यांदा सुचतं आणि नेमकं तेच फसतं. कॉपीला दोन तास लागले तर पहिली फाइल दहाची आणि शेवटची बाराची असते. मधल्या वेळात आलेलं पेमेंट प्रतीत सापडतं, पण ते ज्या ऑर्डरचं आहे ती ऑर्डरच सापडत नाही. म्हणजे खरं काम फायली हलवण्याचं नसून सगळा डेटा एकाच क्षणाचा मिळवण्याचं आहे. पोस्टग्रेसमध्ये ते कसं साधतात, ते पाहू.

सोपी वाट पीजी-डम्पची. तो एक ट्रान्झॅक्शन उघडतो आणि त्या क्षणी जे दिसलं, तेच शेवटपर्यंत वाचत राहतो. एखादी ओळ बदलली तरी पोस्टग्रेस तिची जुनी आवृत्ती लगेच पुसत नाही, म्हणून हे जमतं. हाती येतात टेबलं बांधायच्या आज्ञा आणि आतला डेटा. त्यामुळे पोस्टग्रेसची नवी आवृत्ती किंवा वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम असली तरी अडत नाही, आणि हवं तर एकच टेबल नेता येतं. मोजावा लागतो तो वेळ. रिस्टोर करताना प्रत्येक इंडेक्स नव्याने बांधला जातो. शिवाय डम्प सहा तास चालला, तर तेवढा वेळ व्हॅक्यूमला जुन्या ओळी साफ करता येत नाहीत आणि मूळ टेबलं फुगतात. युजर आणि त्यांचे पासवर्ड या डम्पमध्ये नसतात, ते पीजी-डम्पऑलने वेगळे काढावे लागतात. रिस्टोर झाल्यावर अनालाइझ चालवायला विसरलात, तर नव्या सर्व्हरवर सगळ्या क्वेरी रेंगाळतात आणि दोष बिचाऱ्या हार्डवेअरला लागतो.

डेटाबेस टेराबाइटच्या घरात गेला की मी डम्पच्या नादी लागत नाही. तिथे पीजी-बेसबॅकअप हवा. हा सरळ फायलीच उचलतो, त्याही डेटाबेस चालू असताना. मग दहा-बाराचा घोळ होत कसा नाही? पोस्टग्रेस प्रत्येक बदल डेटाच्या फाइलमध्ये पोचण्याआधी ‘वॉल’ नावाच्या लॉगमध्ये लिहितो. दुकानात व्यवहार आधी रोजकीर्दीत आणि मग खातेवहीत चढतो, तसं. कॉपी सुरू होताना एक चेकपॉइंट होतो, म्हणजे तोवरचे बदल डेटाच्या फायलींत उतरवले जातात, आणि तिथपासूनचा सगळा वॉलही सोबत घेतला जातो. प्रत पहिल्यांदा चालू केली की ती बॅकअप-लेबल या फाइलमध्ये सुरुवातीची जागा पाहते आणि तिथून वॉल पुन्हा लावत जाते. अर्धवट पानं दुरुस्त होतात आणि प्रत कॉपी संपल्याच्या क्षणाला येऊन पोचते.

त्या चेकपॉइंटची वाट पाहताना पीजी-बेसबॅकअपची आज्ञा पडद्यावर काहीच दाखवत नाही, अडकल्यासारखी वाटते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या अभियंत्यांपुढे अशीच गप्प बसलेली आज्ञा होती. दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करून पुन्हा पाहू म्हणताना एकाने मुख्य सर्व्हरवरचंच फोल्डर पुसलं. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले. रोजचे डम्प पाहावेत तर तेही नव्हते: सर्व्हर ९.६ चा आणि पीजी-डम्प ९.२ चा, त्यामुळे तो कधीपासून अपयशी ठरत होता. ही हकीकत त्यांनी स्वतःच जाहीर केली. चेकपॉइंट ‘फास्ट’ ठेवून प्रगती दाखवायचा पर्याय लावला, तर ही घालमेल टळते.

फायलींच्या प्रतीला पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती तीच लागते. त्याहून छुपा धोका ऑपरेटिंग सिस्टिमचा. लिनक्समधल्या ग्लिबसी या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले. डेबियन ९ वरून उचललेल्या फायली डेबियन १० वर चालू होतात, एररही येत नाही, पण मजकुरावरचे इंडेक्स जुन्या क्रमाचे राहतात आणि असलेलं नाव शोधूनही मिळत नाही. रीइंडेक्स करणं हाच उपाय.

तिसरी वाट डिस्कच्या स्नॅपशॉटची. एलव्हीएम किंवा झेडएफएस तो काही क्षणांत घेतं. त्यावर पोस्टग्रेस उठतो तो वीज गेल्यानंतर उठावा तसा, आणि वॉल वाचून सावरतो. मात्र डेटा आणि वॉल वेगळ्या डिस्कवर असतील, तर दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणी व्हायला हवा. गिटलॅबला त्या दिवशी तारलं ते स्टेजिंगसाठी सहा तास आधी घेतलेल्या अशाच स्नॅपशॉटने.

प्रत उभी राहिली तरी ॲप लगेच जोडू नका. एसएमएसच्या रांगेचं टेबलही जसंच्या तसं आलेलं असतं. ॲप सुरू झालं की खऱ्या ग्राहकांना तेच मेसेज पुन्हा जातात. आधी ती रांग रिकामी करा. मग नावं, फोन नंबर झाका आणि ईमेलचे पत्ते ‘.इन्व्हॅलिड’वर वळवा. हे डोमेन राखीव आहे, तिथे पत्र कधीच पोचत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यावर चाचणीच्या सर्व्हरवर खरे नंबर ठेवायला सबब उरलेली नाही.

एक काम मात्र फायलींची प्रत पहिल्यांदा चालू करण्याआधीच करायचं. सेटिंगची फाइल डेटाच्या फोल्डरमध्ये असेल, तर वॉल कुठे साठवायचा ती आर्काइव्हची आज्ञाही प्रतीसोबत येते. ती तशीच राहिली, तर प्रत स्वतःचा वॉल त्याच नावांनी प्रॉडक्शनच्या आर्काइव्हमध्ये टाकू लागते. आज्ञा आंधळेपणाने आधीच्या फायलींवर लिहिणारी असेल, तर प्रॉडक्शनचा बॅकअप बिघडतो आणि ते कळतं थेट रिस्टोरच्या दिवशी. म्हणून आर्काइव्ह आधी बंद करायचं आणि मगच स्टार्ट द्यायचा.