सॅमनच्या नदीचा काठ कोणाचा?

सप्टेंबर लागला की ऑन्टारिओ सरोवरातले चिनूक आणि कोहो सॅमन अंडी घालायला सॅमन रिव्हरमध्ये शिरतात आणि न्यूयॉर्क राज्यातलं पुलास्की हे छोटंसं गाव गळ घेऊन आलेल्या माणसांनी भरून जातं. मासा कुठे लागतोय याची चौकशी सगळेच करतात. पायाखालची जमीन कोणाची, हे फार थोडे विचारतात, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात घट्ट रुजलेला गैरसमज असा, की नदीत होडी चालते म्हणजे नदी सर्वांची, आणि मग मासेमारीही सर्वांना खुली. न्यूयॉर्कमध्ये हे सरसकट खरं नाही. सरोवराकडच्या खालच्या टप्प्यात डग्लस्टन मॅनरची खाजगी मालकी आहे. तिथे पैसे भरून पास घ्यावा लागतो. होडीतून येऊन तिथे मासे धरणाऱ्यांवर मालकांनी दावा लावला आणि तो कोर्ट ऑफ अपील्स या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1997 साली निकाल लागला: होडीने ये-जा करण्याचा हक्क जनतेचा, पण नदीचा तळ मालकाचा आणि त्याबरोबर मासेमारीचा हक्कही त्याचाच. या मालकीचं मूळ निघालं 1792 साली राज्याने अलेक्झांडर मॅकोम्बला दिलेल्या जमिनीच्या सनदेत. म्हणून ‘मी काठावर कुठे आहे, पाण्यात उभा आहे’ असं म्हणूनही तिथे सुटका नाही.

यावर हमखास येणारा युक्तिवाद म्हणजे, मासे तर राज्याने आल्टमारच्या हॅचरीत वाढवून सोडलेले आहेत! ही खंत मला रास्त वाटते. हे मूळचे पॅसिफिकचे मासे सरकारांनीच ऑन्टारिओसारख्या महासरोवरांत आणले. 1966 साली मिशिगनने कोहो सोडले तिथून हे पर्व सुरू झालं. पण मासा सार्वजनिक असला म्हणून जमीन सार्वजनिक होत नाही. लायसन्सचंही तसंच. ते मासे धरायची परवानगी देतं, कोणाच्या आवारातून जायची नाही.

मात्र न्यूयॉर्कचा नियम साऱ्या अमेरिकेला लावणंही चूकच. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने 1926 मध्येच ठरवलं, की होड्या-ओंडके वाहून नेण्याजोग्या नदीचा तळ खाजगी असला तरी तिच्यात उतरून मासे धरता येतात. 2005 मध्ये त्याच न्यायालयाने ह्युरॉन सरोवराच्या काठाने, नेहमीच्या भरल्या पाण्याच्या खुणेखालून, चालत जाण्याचा लोकांचा हक्क मान्य केला. नदीपर्यंत पोहोचण्यासाठी खाजगी जमीन ओलांडायची मुभा मात्र तिथेही नाही.

पुलास्कीहून आल्टमारकडे जाताना काठाचा बराच भाग खुला दिसतो, म्हणून ती सरकारी जमीन आहे असं अनेक जण धरून चालतात. त्यातल्या कित्येक ठिकाणी सातबाऱ्यावर नाव मालकाचं आणि वहिवाट लोकांची, असा मामला आहे. 1935 पासून राज्य राजी असलेल्या मालकांकडून मासेमारीचा कायमचा हक्क विकत घेत आलं आहे. हा पट्टा साधारण काठापासून 33 फुटांचा असतो आणि हक्क फक्त मासेमारीचा. तंबू ठोकणं, चूल पेटवणं, सहल काढणं त्यात बसत नाही. गाडीही ठरवून दिलेल्या जागीच लावायची आणि तिथून आखलेल्या वाटेनेच काठावर उतरायचं. मालकाने राजी असणं हाच या योजनेचा पाया आहे; काठावर कचरा आणि तुटकी दोरी टाकून जाणारे लोक शेजारच्या मालकाचा होकार घालवतात.

हक्काच्या पट्ट्यात उभं राहिल्यावरही एक समज जिवावर बेतू शकतो: पाऊस नाही, म्हणजे नदी चढणार नाही. वरच्या बाजूला जलविद्युत धरणं आहेत. तिथून पाणी सोडलं की कोरड्या, लख्ख दिवशीही पातळी वाढते आणि मघाशी सहज ओलांडलेला प्रवाह परतताना ओलांडता येत नाही. निघण्यापूर्वी त्या दिवशी किती पाणी सोडणार आहेत ते पाहावं, आणि पाणी चढताना दिसलं की गळाला मासा लागलेला असला तरी आधी काठ गाठावा.