साईड देईना! – हंगामातला रस्ता आणि आपला राग



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातील रस्त्यांचे रूपच पालटते. एरवी ज्या रस्त्याला सकाळची दुधाची गाडी, एखादी एस. टी. आणि शाळेची पोरे एवढीच काय ती वर्दळ, त्याच रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, ट्रक, टायरच्या बैलगाड्या आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली अशी रात्रंदिवस रीघ लागते. या गर्दीबरोबर आणखी एक पीक जोमाने येते, ते म्हणजे रागाचे. "दिसत न्हाई व्हय रं?", "तुझ्या बापाचा रस्ता हाय का?" हे चौकाचौकांत ऐकू येते. पुष्कळदा प्रकरण शिव्यांवर भागते, कधी कॉलरीला हात जातो, आणि कधी रागाच्या भरात पुढे दामटलेली गाडी समोरून येणाऱ्या वाहनावर जाऊन आदळते. बेणे, खते, पाणी यांविषयी आपण नेहमीच वाचतो. या अंकात या रागाचीच थोडी चिकित्सा करावी असे आम्ही योजले आहे.

प्रथम आमचीच फजिती सांगतो. गेल्या हंगामात आम्ही मोटारसायकलवरून तालुक्याला निघालो होतो. रस्ता एकेरी, दोन्ही बाजूंना उसाचे फड, आणि पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. आम्ही हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग बोट उचललेच नाही. चार किलोमीटर झाले तरी पठ्ठ्या साईड देईना. डोके तापले. शेवटी डाव्या अंगाने, साईडपट्टीच्या मुरमावरून गाडी घातली. मागचे चाक घसरले, वाढ्यांचा फटकारा तोंडावर बसला, आणि कसेबसे पुढे निघालो. निघालो ते निघालो, वर ट्रॅक्टरपुढे गाडी आडवी लावून ड्रायव्हरला नको नको ते बोललो. विशीतले पोर होते. ते खाली उतरून म्हणाले, "दादा, खरंच ऐकू आलं न्हाई. मागं बारा फूट ऊस हाय, मला काय दिसतंय?" पुढे बोलता बोलता खेप कुणाची म्हणून विचारले, तर फड निघाला आमच्याच चुलत भावाचा. दोनच दिवसांपूर्वी त्याच्यासाठी आम्हीच चिटबॉयच्या मागे लागलो होतो, की ऊस वाळतोय, गाडी लवकर लावा!

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे, की त्या चार किलोमीटरांत त्या पोराविषयी आम्ही मनात जे जे ठरवले होते ते सगळे खोटे होते. माजलेला आहे, मुद्दाम अडवतो आहे, शिवाय प्यालेला असणार, असे आम्ही पक्के धरून चाललो होतो. आणि आम्ही स्वतः मुरमावरून गाडी घातली, ती मात्र "वेळ झाला होता म्हणून". माणसाच्या मनाची ही खोडच आहे. आपण चुकलो तर परिस्थिती तशी होती. दुसरा चुकला तर त्याचा स्वभावच तसा. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी ही गोष्ट अनेक प्रकारे तपासून पाहिली आहे. बाजारात कोणाचा धक्का लागला तर तोंड दिसते, "राहू द्या" म्हणता येते, प्रकरण तिथेच मिटते. रस्त्यावर समोरच्याचे तोंड दिसत नाही, दिसते ती फक्त ट्रॉलीची पाठ. मग त्या पाठीला आपण आपल्या मनातला चेहरा चिकटवतो.

त्यातून वाहनाला बोलायला शब्द किती, तर हॉर्न, दिवा आणि एक इंडिकेटर. "सरका" असो, "सांभाळा" असो, नाहीतर "काय राव, बरं आहे का" असो, सगळ्याला हॉर्न एकच. आणि तो ट्रॅक्टरवाल्याला ऐकू येतोच असे नाही. इंजिन त्याच्या पुढ्यात धडधडते आहे आणि वर दोन भोंगे लावून गाणी चालू आहेत. (या भोंग्यांचा शौक आमच्या समजुतीपलीकडचा आहे. गाणे चार शिवार पलीकडे ऐकू जाते आणि मागच्या माणसाचा हॉर्न जात नाही.) आरसा असतोच असे नाही, आणि असला तरी बाजूला सुटलेल्या उसाच्या मोळ्या त्यात दिसतात, मोटारसायकल दिसत नाही.

इंडिकेटरची तऱ्हा तर याहून वाईट. आपल्याकडे पुढचा ट्रकवाला उजवा दिवा लावतो तेव्हा त्याचे दोन अर्थ निघतात. एक, "मी उजवीकडे वळतोय." दुसरा, "रस्ता मोकळा आहे, उजवीकडून पुढे जा." कायद्याने पहिलाच अर्थ खरा आहे, पण चालीरीतीने दुसराही रूढ झाला आहे. मागच्याने दुसरा अर्थ घ्यायचा आणि पुढच्याने फडाच्या वाटेला गाडी वळवायची, की झाला घोटाळा. म्हणून इंडिकेटर दिसला तरी पुढच्या गाडीचा वेग कमी होतोय का आणि उजवीकडे फुटणारी वाट आहे का, हे बघितल्याशिवाय पुढे घुसू नये. डिपरचेही तसेच. अरुंद पुलावर समोरच्याने दिवा मारला तर आपल्याकडे त्याचा अर्थ बहुधा "मी येतोय, थांब" असा असतो. एखाद्याने तो "तू ये" असा घेतला, की पुलाच्या मध्यावर दोघे तोंडाला तोंड लावून उभे, आणि मग मागे कुणी घ्यायचे यावर अर्धा तास!

आता घाईकडे वळू. राग हा बहुतेक वेळा घाईच्या पोटी जन्मतो आणि हंगामातली घाई काही उगीच नसते. ऊस तुटल्यावर शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला जावा, नाहीतर वजन घटते आणि उताराही घसरतो, हे सभासदांना सांगायला नको. वाहतुकीचा पैसा टनावर आणि अंतरावर मिळतो. म्हणजे जितक्या खेपा जास्त तितका ट्रॅक्टरचा हप्ता लवकर फिटणार. त्यामुळे ड्रायव्हर अर्धवट झोपेत, उपाशीपोटी गाडी हाणतो. फडावर आपण त्याच्या हातावर एंट्री ठेवतो, कुठे तिलाच खुशाली म्हणतात, आणि वर "लवकर ने" असेही बजावतो. पण पुढच्याला मागे टाकून नेमके किती पदरात पडते याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडून पाहू.

दिवसाला पाच हजार टन गाळणारा कारखाना घ्या. म्हणजे तासाला सुमारे दोनशे आठ टन. एका ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टन ऊस धरला, तर तासाला अशा दहा खेपा गव्हाणीत पडतात. म्हणजे रस्त्यात एका ट्रॅक्टरला मागे टाकले तर यार्डात आपला नंबर पुढे सरकतो तो फार तर सहा मिनिटांनी. सहा मिनिटे! तेवढ्यासाठी वळणावर, समोरून एस. टी. येत असताना, वीस टनांची गाडी उजवीकडे काढायची? आणि यार्डात रांग लागलेली असेल तर थांबणे तासांतच मोजायचे असते. तिथे ती सहा मिनिटे बिडी ओढण्यातही पुरत नाहीत.

मात्र मागे अडकलेल्याची तक्रारही खोटी नाही. ट्रॅक्टर ताशी वीस किलोमीटरने चालला तर एक किलोमीटरला तीन मिनिटे लागतात. मोटारसायकल साठच्या वेगाने तेच अंतर एका मिनिटात काटते. म्हणजे दर किलोमीटरला दोन मिनिटे वाया. दवाखान्यात पेशंट न्यायचा असेल, पोराचा पेपर असेल, तर माणूस कावणारच. म्हणून मागे पाच-सहा गाड्यांची शेपटी लागली की ट्रॅक्टरवाल्याने रुंद जागा बघून मिनिटभर बाजूला घ्यावे. त्याचे एक मिनिट जाते, मागच्या सगळ्यांची मिळून कितीतरी वाचतात. ॲम्ब्युलन्सला तर वाट दिलीच पाहिजे. न दिल्यास २०१९ सालच्या सुधारित मोटार वाहन कायद्याप्रमाणे दहा हजार रुपये दंड होऊ शकतो.

आता पुढे जायचेच ठरवले, तर किती मोकळा रस्ता लागतो? ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून पंधरा-अठरा मीटर लांबी सहज होते. पुढचे-मागचे थोडे अंतर धरून चाळीस मीटर जास्तीचे काटावे लागतात. ट्रॅक्टर वीसच्या वेगात आणि आपण पन्नासच्या, तर त्याला पाच सेकंद लागतात. या पाच सेकंदांत आपण सत्तर मीटर पुढे जातो आणि समोरून साठच्या वेगाने येणारी जीप ऐंशीवर मीटर जवळ येते. दोन्ही मिळून दीडशे मीटर, म्हणजे जवळजवळ पाचशे फूट. रात्री दुचाकीच्या दिव्यात पाचशे फूट दिसत नाही. थोडक्यात, रात्री आपण जो "अंदाज" घेऊन पुढे जातो तो अंदाज नसून नशीब असते. आणि ब्रेकचे म्हणाल तर साठच्या वेगात धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एखादा सेकंद जातो, तेवढ्यात गाडी पंचावन्न फूट गेलेली असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली, आणि सरकारी अहवालात त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर मांडले आहेत.

ट्रॅक्टरबाबत एक गोष्ट मालक सभासदांनी घरी गेल्यावर आठवणीने पाहावी. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात, ते शेतात बांधाशी आखूड वळण घेता यावे म्हणून. रस्त्यावर येताना ही दोन्ही पेडल खिट्टीने जोडायची असतात. खिट्टी मोकळी राहिली आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर एकच चाक धरते, ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि मागच्या ट्रॉल्या त्याला ढकलत नेतात. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर वीस टनांचा रेटा थांबवायला ट्रॅक्टरचेच ब्रेक, दुसरे काही नाही. त्यात डिझेल वाचवायचे म्हणून उतारावर न्यूट्रल करायची सवय! वाचलेले डिझेल तांब्याभर नसेल, पण गाडी हाताबाहेर जायला उताराचे एक वळण पुरते.

बैलगाडीवाल्यांविषयी वेगळे लिहिले पाहिजे, कारण त्यांच्याकडे हॉर्नसुद्धा नाही. घरदार मागे ठेवून आलेली ही माणसे पहाटेच्या अंधारात गाड्या जुंपतात. मागून येऊन कानाशी कर्कश हॉर्न वाजवला की बैल बुजतात आणि गाडी रस्त्याच्या मधोमध येते. मग आपणच म्हणतो, "बैलं आवरता येत न्हाईत?" बैलाच्या शिंगांना आणि गाडीच्या मागे रेडियमची पट्टी लावली आणि मागच्याने दिवा खाली केला, तर निम्मे भांडण उपजतच नाही.

कायद्याचेही दोन शब्द. धोकादायक रीतीने गाडी चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमाखाली गुन्हा आहे. उलट्या बाजूने गाडी घालणे आणि चालवताना मोबाईल हातात धरणे हेही आता त्यातच धरले जाते. पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कोर्टात "तो साईड देत नव्हता" हे उत्तर चालत नाही.

ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांवर आणि रिफ्लेक्टरवर वाढे लोंबते, म्हणून रिफ्लेक्टरची कापडी पट्टी उसाच्या वरून मागे सोडावी. भरणी झाल्यावर ती वर आहे का दबली, हे फडावर उभ्या असलेल्या सभासदानेच बघावे. ड्रायव्हर तेव्हा पुढे असतो. एंट्री देताना "लवकर ने" म्हणण्याऐवजी "जेवलास का?" एवढे विचारले तरी पुष्कळ.

आणि ते दगड. टायर फुटला की चाकाला दगड लावतात, सावधगिरीसाठी मागे आणखी चार मांडतात, आणि गाडी हलली की सगळे तसेच रस्त्यात. मागाहून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात ना गाडी दिसते ना दगड. परवा रात्री कारखान्याकडून परतताना ओढ्याच्या अलीकडे असेच सहा दगड पडलेले दिसले. मनात शिवी आली. गाडी लावून उचलायला लागलो, तर मागून एक रिकामा ट्रॅक्टर येऊन थांबला. गाणी बंद झाली, ड्रायव्हर उतरला आणि काही न बोलता मोठा दगड त्यानेच उचलून बांधावर टाकला.