घरच्या घरी अंडी उबविणे आणि उबवणी यंत्राची निवड

शेतीस जोड म्हणून कोंबड्या पाळणाऱ्या आमच्या सभासदांकडून हल्ली एक पृच्छा वारंवार होऊ लागली आहे. ती ही की, अंडी उबविण्याचे यंत्र घ्यावे किंवा कसे, आणि घ्यावयाचे तर कोणते घ्यावे. यंत्रे आता बाजारात पाचपन्नास अंड्यांपासून हजारो अंड्यांपर्यंत पाहिजे तेवढी मिळतात. विकणारा अंड्यांची संख्या सांगतो आणि घेणारा त्या संख्येस भुलतो. परंतु ५० अंड्यांचे यंत्र म्हणजे ५० पिले नव्हेत. समजा, ५० अंडी यंत्रात घातली व त्यांपैकी ८ वांझ निघाली. उरलेल्या ४२ पैकी तीनचतुर्थांश फुटली तरी घरगुती यंत्राच्या मानाने ती खेप चांगली म्हणावी; म्हणजे पिले झाली सुमारे ३१. त्यांतील ५ पहिल्या महिन्यात दगावली असे धरले तर २६ उरली, आणि त्यांत निम्मे नर. सारांश, ५० अंड्यांमागे हाती तलंगा आल्या १३. हा हिशेब आधी मांडावा आणि मग पैशांच्या थैलीस हात घालावा. यंत्राचा विचार कळपापासून सुरू करावा आणि पिले वाढविण्यापाशी संपवावा, हेच या लेखात सांगण्याचा आमचा हेतू आहे.

खुडूक कोंबडीची योग्यता.— दहाबारा अंडी उबवावयाची असतील तर देशी खुडूक कोंबडीसारखे यंत्र दुसरे नाही. ती ऊब देते, अंडी दिवसातून अनेक वेळा फिरविते, आणि पिले निघाल्यावर त्यांस पंखाखाली घेऊन चारापाणी शिकविते. तिला वीज लागत नाही. संध्याकाळनंतर काळोख्या, शांत जागी पसरट पाटीत थोडी राख व वाळू घालून वर कोरडे गवत पसरावे, उवा-पिसवांच्या बंदोबस्तासाठी कडुनिंबाचा पाला घालावा, आणि कोंबडीच्या आकारमानाप्रमाणे १० ते १२ अंडी तिच्याखाली ठेवावी. दिवसातून एकदा ती चारापाण्यास उठते, तेवढी मोकळीक तिला द्यावी. २१ दिवसांत काम होते.

तथापि या यंत्रासही किंमत पडते, ती कोंबडीच्या वेळेची. देशी कोंबडी वर्षाकाठी ६० ते ८० अंडी देते. रवणीचे तीन आठवडे आणि पुढे पिले हिंडविण्याचे आठदहा आठवडे ती अंडी देत नाही. तिची अंडी यंत्रास देऊन तिला खुडूकपणातून लवकर उठविले तर ती थोड्याच दिवसांत पुन्हा अंड्यावर येते. शिवाय खुडूक कोंबड्या एका वेळी हव्या तितक्या मिळत नाहीत. म्हणून ज्याचा कळप १५-२० माद्यांपलीकडे गेला आहे आणि ज्यास एका वयाची पिले एकत्र हवी आहेत, त्याने यंत्राचा विचार करणे रास्त आहे. पाचसहा कोंबड्यांच्या धन्याने तो करू नये.

सुधारलेल्या पक्ष्यांविषयी.— गिरिराज, वनराज यांसारख्या पक्ष्यांत खुडूक बसण्याची प्रवृत्ती जवळजवळ उरलेली नाही. म्हणून त्यांचा धनी यंत्राकडे वळतो. परंतु हे पक्षी संकरातून तयार केलेले असल्यामुळे त्यांचीच अंडी घरी उबविली असता पुढच्या पिढीत मूळचे गुण सारखे उतरत नाहीत. त्यांची पिले दर वेळी खात्रीच्या केंद्रातूनच आणावी. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. घरगुती यंत्र खरे शोभते ते देशी, कडकनाथ अशा आपल्या वाणाशी खरे उतरणाऱ्या पक्ष्यांना.

अंड्यांची निवड.— वांझ अंड्यातून कोणतेही यंत्र पिलू काढू शकत नाही. दुकानात मिळणारी अंडी पिंजऱ्यातल्या, नराशिवाय ठेवलेल्या कोंबड्यांची असतात. ती उबवणीस निरुपयोगी होत. कळपात ८ ते १० माद्यांमागे एक जोमदार कोंबडा असावा, आणि तो वर्षादोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या निरोगी कळपातून बदलावा, नाहीतर रक्ताचा सारखेपणा वाढून अंडी कमी फुटतात. अंडे मध्यम वजनाचे, स्वच्छ, टरफल घट्ट असलेले घ्यावे. फार मोठे, फार लहान, वेडेवाकडे वा तडकलेले टाकून द्यावे. मळलेले अंडे धुऊ नये. साठवण थंड जागी, रुंद टोक वर करून करावी आणि ७ दिवसांपेक्षा जुनी अंडी घालू नयेत. उन्हाळ्यात ३-४ दिवसच पुरे. कारण हवा २१ अंशांच्या वर गेली की अंड्यातला जीव अवेळी अर्धवट जागा होतो आणि पुढे मरतो.

बाहेरून अंडी आणावयाची तर कळप डोळ्यांनी पाहून आणावी. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ सालच्या फेब्रुवारीत बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा लक्षावधी पक्षी मारावे लागले, ही गोष्ट कोंबडीवाल्याने विसरू नये. पांढऱ्या हगवणीसारखे काही रोग तर आईपासून अंड्यातूनच पिलात उतरतात.

यंत्र म्हणजे काय.— कृत्रिम उबेची कल्पना नवी नाही. मिसर देशात मातीच्या विटांच्या भट्ट्यांतून हजारो अंडी एका वेळी उबविण्याची विद्या प्राचीन काळापासून होती. तेथील कारागिरांजवळ उष्णतामापक नव्हता. ते अंडे डोळ्याच्या पापणीस लावून ऊब ओळखीत. फ्रान्समधील शास्त्रज्ञ रेओम्यूर याने त्या विद्येचा अभ्यास करून १७४९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला व उष्णतामापकाची जोड देऊन ती सर्वांस साधेल असा प्रयत्न केला. आजचे यंत्र याच क्रमातले. त्याचे काम एवढेच की, कारागिराच्या पापणीने जे जाणले ते रात्रंदिवस न चुकता राखावे. सबब यंत्राची परीक्षा अंड्यांच्या संख्येवरून न करिता ऊब किती स्थिर राहते यावरून करावी.

निवडीच्या खुणा.— पहिली खूण पंख्याची. पंख्याच्या यंत्रात ऊब सर्वत्र सारखी, ३७.५ अंश सेंटिग्रेड असावी लागते. बिनपंख्याच्या पेटीत वरची हवा गरम व खालची थंड राहते. तेथे अंड्यांच्या माथ्याशी ३८.३ ते ३८.९ अंश राखावे लागतात, आणि पाळत अधिक ठेवावी लागते. पंख्याचे यंत्रच घ्यावे. दुसरी खूण, उष्णता आपोआप राखणारा थर्मोस्टॅट अंशाच्या दशांशापर्यंत काम देणारा असावा. तिसरी, अंडी आपोआप फिरविण्याची सोय असावी. शेतकरी दिवसभर शिवारात असतो, हाताने फिरविणे राहून जाते. चौथी, विजेची सोय. गावात भारनियमन होत असेल तर बॅटरीवर चालू शकणारे यंत्र घ्यावे, आणि आपल्या वाहिनीवर वीज एका वेळी जास्तीत जास्त किती तास जाते हे लक्षात घेऊन बॅटरी ठरवावी. पाचवी, आतून धुता-पुसता यावे, झाकणास काच असावी, आणि पंखा वा तार बिघडल्यास जवळच्या तालुक्याच्या गावी सुटा भाग मिळावा.

आकाराविषयी आमचे मत असे की, आपल्या कळपाची भर हंगामातील एका आठवड्याची जितकी चांगली अंडी, तितक्याच अंड्यांचे यंत्र घ्यावे. २० माद्या रोज ५ ते ७ अंडी देत असतील तर आठवड्याची ३५ ते ४९ होतात. ५० अंड्यांचे यंत्र त्यास पुरे. मोठे यंत्र घेतले की ते भरण्यासाठी शिळी अंडी साठविण्याचा किंवा दर तीनचार दिवसांनी थोडी थोडी घालण्याचा मोह होतो. दोन्ही वाईट. निरनिराळ्या वयाची अंडी एका पेटीत असली की शेवटच्या तीन दिवसांचा ओलावा एकास हवा तर दुसऱ्यास बाधतो. विजेच्या खर्चास भिऊ नये. समजा, तार १०० वॅटची असून निम्मा वेळ चालते, तर २१ दिवसांत सुमारे २५ युनिटे लागतात. म्हणजे वरच्या हिशेबाप्रमाणे एका पिलामागे एक युनिटही पडत नाही.

चालविण्याची रीत.— यंत्र पत्र्याच्या छपराखाली न ठेविता घरातील आतल्या खोलीत ठेवावे. अंडी घालण्यापूर्वी दोन दिवस रिकामे चालवावे, आणि त्याच्या काट्यावर विश्वास न ठेविता ताप मोजण्याच्या साध्या थर्मामीटरने ताडून पाहावे. ओलाव्यासाठी साध्या उष्णतामापकाच्या गोळ्यास कंदिलाच्या वातीचा तुकडा गुंडाळून त्याचे दुसरे टोक पाण्यात सोडावे. पंख्याच्या यंत्रात हा ओला पारा पहिले १८ दिवस २९ ते ३० अंशांवर आणि शेवटचे तीन दिवस ३२ अंशांच्या आसपास असावा. पावसाळ्यात कोकणात पाणी कमी लागते, तर देशावर कोरड्या हवेत ते वारंवार भरावे लागते.

अंडी आडवी, किंवा निमुळते टोक खाली करून ठेवावी व दिवसातून निदान तीन वेळा फिरवावी. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या बॅटरीपुढे प्रत्येक अंडे धरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव आहे. अंडे स्वच्छ दिसल्यास वांझ, आणि नुसते रक्ताचे कडे दिसल्यास जीव मेलेला समजून काढून टाकावे. १८ व्या दिवशी पुन्हा तपासून फिरविणे बंद करावे. त्यापुढे झाकण उघडू नये. पिलू चोच मारून थांबले म्हणजे टरफल सोलून मदत करण्याची इच्छा होते, ती आवरावी. पिलाच्या पोटात बलकाचा अंश असतो, त्यावर ते दोन दिवस निभावते; ओले असताना बाहेर काढले तर गारठून मरते.

वीज गेल्यास घाबरू नये. कोंबडीही रोज पाटी सोडून उठतेच. झाकण न उघडिता पेटीवर घोंगडी टाकावी व हवेची भोके मोकळी ठेवावी. वेळ लांबल्यास गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवाव्या. थोड्या थंडीने उशीर होतो, पण ४० अंशांच्या वर गेलेली ऊब काही तासांतच सगळी खेप मारते.

हंगाम.— येथे एक गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही. यंत्रास ऊब देता येते, गारवा देता येत नाही. खोलीचीच हवा ३७-३८ अंशांवर गेली की तार बंद राहूनही आतली अंडी तापतात. आणि शेवटच्या आठवड्यात अंडी स्वतःही उष्णता सोडतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेश या भागांत वैशाखात पारा ४२ अंशांच्याही वर जातो. सबब त्या भागांतील बंधूंनी होळीनंतर अंडी घालू नयेत. दसऱ्यापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. या काळातील पिले उन्हाळा कडक होण्यापूर्वी पंखांची होतात. यंत्र बारा महिने चालेल हा हिशेब आपल्या हवेत खरा ठरत नाही; सात-आठ खेपा धरूनच खर्च मांडावा.

पिले निघाल्यानंतर.— यंत्राची पिले पोरकी असतात. कोंबडीच्या पंखाखालची ऊब आता धन्यानेच द्यावयाची असते, आणि बहुतेक नुकसान येथेच होते. भाताच्या तुसावर कागद पसरून गोल आडोसा करावा, दर पिलामागे सुमारे २ वॅट या मानाने दिवे लावावे, आणि पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंशांच्या जवळ ठेवून पुढे दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी उतरवावी. पिले दिव्याखाली गठ्ठा करून बसली तर थंडी वाजते, कडेला पळाली तर उष्णता होते, सर्वत्र पसरून दाणे टिपू लागली तर ठीक आहे. पिलांएवढा खरा उष्णतामापक दुसरा नाही. आधी पाणी द्यावे, मग मक्याची भरड. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची लस ५ ते ७ दिवसांच्या दरम्यान, आणि मरेक्स व गंबोरो यांच्या लसी पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळेवर टोचाव्या. मानमोडीने एका रात्रीत खुराडे रिकामे होते, हे जुन्या शेतकऱ्यांस सांगावयास नको.

ज्याच्या घरी खुडूक कोंबडी आहे त्यास एक मधला मार्ग आहे. यंत्रात अंडी घालतेवेळीच दोनतीन कोंबड्या थोड्या अंड्यांवर बसवाव्या, आणि पिले निघाली की यंत्राचीही पिले रात्रीच्या अंधारात त्यांच्या पंखाखाली सरकवावी. कोंबडी ती आपलीच समजून वाढविते. यंत्राने संख्या मिळते, कोंबडीने संगोपन मिळते, आणि दिव्यांचा खर्च वाचतो.

असो. ज्याच्या कळपात जोमदार नर आहे, ज्याची आठवड्याची अंडी मोजलेली आहेत, ज्याने पिलांची जागा व लस आधी ठरविली आहे, त्याने लहानसे, पंख्याचे, बॅटरीवर चालणारे यंत्र खुशाल घ्यावे. ते त्याचे पैसे फेडील. यांपैकी एकही गोष्ट सिद्ध नसेल तर यंदा खुडूक कोंबडीच बसवावी आणि यंत्राचे पैसे खुराडे दुरुस्त करण्याकडे लावावे, अशी आमची आपल्या वाचकांस आग्रहाची सूचना आहे.