सिरोंचा : प्राणहितेकाठचं गाव एकदा बघाच!

नदीकाठची जुनी गावं आवडत असतील, तर गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक गाठा. वर्धा-वैनगंगेच्या संगमातून निघालेली प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. पलीकडे तेलंगणातलं कालेश्वरम्. तिथल्या मंदिरात एकाच शाळुंकेवर दोन शिवलिंगं आहेत : एक यमाचं, एक शिवाचं. पूर्वी डोंग्यानं नदी ओलांडावी लागे, आता पूल आहे. बाजारात मराठी आणि तेलुगू सर्रास एकत्र ऐकू येतात. एप्रिल 2022 मध्ये इथल्या घाटावर प्राणहिता पुष्कर मेळा भरला होता. वेळ असेल तर सोमनूरचा इंद्रावती-गोदावरी संगमही बघा.

गडचिरोलीहून आलापल्लीमार्गे साधारण 200 किमी. रस्ता जंगलाचा, म्हणून सकाळीच निघा. हिवाळ्यात जा आणि घाटावर प्लास्टिक अजिबात टाकू नका.