नाक चोंदले की वाफ, जलनेती, लेप... सायनसवरचे घरगुती उपाय किती कामाचे?

थंडी सुरू झाली की पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात घरोघरी वाफेची पातेली गॅसवर चढतात. मात्र वेल्डिंगचा धूर, फाउंड्रीतील वाळूची धूळ किंवा पेंट शॉपमधील रसायनांची वाफ यांत पाळी करणाऱ्या कामगाराचे नाक रात्री मोकळे होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चोंदते. असे का होते?

सायनस म्हणजे काय?

सायनस हे आजाराचे नाव नाही. नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांच्या चार जोड्यांना सायनस म्हणतात. त्यांचे अस्तर सुजले की निचऱ्याची वाट बंद होते, स्राव साचतो आणि डोके जड होते. सर्दी, ॲलर्जी, धूळ, धूर अशी अनेक कारणे त्यामागे असतात. आयुर्वेदात प्रतिश्याय आणि पीनस या नावांनी अशा विकारांचे वर्णन आढळते.

कोणता उपाय कसा करावा?

वाफ : स्राव पातळ झाल्यासारखा वाटतो, तात्पुरता आराम मिळतो. आजार बरा होतो असा ठोस पुरावा नाही. गरम पाण्याचे पातेले लहान मुलांपासून दूर ठेवा. कोविडकाळात वाफ घेताना मुले भाजल्याची प्रकरणे वाढल्याची नोंद ब्रिटनमधील बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयाने केली होती.

जलनेती : मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास धूळ आणि चिकट स्राव निघून जातो. अर्धा लिटर पाण्याला साधारण साडेचार ग्रॅम, म्हणजे पाऊण लहान चमचा मीठ पुरते. पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट केलेलेच हवे. थेट नळाचे किंवा घरगुती फिल्टरचे नको. अमेरिकेतील लुईझियानात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा मेंदूत अमिबा शिरून मृत्यू झाला होता.

नस्य : अणुतेलाचे थेंब वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्या. दीर्घकाळ मनाने तेल सोडत राहिल्यास ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

ओव्याची पुरचुंडी, सुंठ-वेखंडाचा लेप : वासाने किंवा उष्णतेने बरे वाटते, पण साचलेला स्राव त्याने निघत नाही. लेपाने त्वचेची आग झाल्यास लगेच धुवा. कापूर मुलांच्या हाती लागू देऊ नका. तो पोटात गेल्यास विषारी ठरतो.

कारण कारखान्यात आहे का?

साधी कसोटी आहे. आठवडाभर त्रास आणि गुरुवारच्या सुट्टीत किंवा गावी गेल्यावर नाक मोकळे, असे होत असेल तर कामाच्या जागेवर संशय घ्या. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूर अडवत नाही. त्यासाठी योग्य मास्क आणि धूर ओढून घेणारी यंत्रणा लागते. क्रोम प्लेटिंगच्या कामात नाकाच्या मधल्या पडद्याला जखम होऊन भोक पडू शकते. १९४८ च्या कारखाने कायद्यातही क्रोममुळे होणाऱ्या जखमांचा समावेश कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत होता. अशा वेळी वाफ घेत बसल्याने फक्त दुखणे झाकले जाते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

त्रास दहा दिवसांहून जास्त टिकला, बरे वाटून पुन्हा वाढला, जोराचा ताप आला किंवा नाकातून वारंवार रक्त आले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे, असह्य डोकेदुखी किंवा मधुमेही रुग्णाच्या नाकातून काळसर स्राव दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा. डॉक्टरांना आपण कोणत्या विभागात, कशावर काम करतो हेही सांगा. कामगार राज्य विमा योजनेत नोंद असलेल्यांना चिंचवडच्या मोहननगर येथील तिच्या रुग्णालयात, तर इतरांना महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयात जाता येईल.