पेडरसन यांना पटलं तर सगळे पास

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 1969-70 च्या सुमारास रोनाल्ड रोहरर या प्राध्यापकांनी वर्गाला एकच काम दिलं: इलेक्ट्रॉनिक सर्किट कसं वागेल याचं गणित करणारा प्रोग्रॅम लिहा. निकालाची अट मात्र अजब होती. ज्येष्ठ प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांना प्रोग्रॅम पसंत पडला तर सगळा वर्ग पास, नाहीतर सगळा नापास. आणि पेडरसन म्हणजे विद्यापीठातच चिप बनवण्याची प्रयोगशाळा उभी करणारा माणूस. नुसत्या कागदी गणिताला भुलणारा नव्हे.

पोरं पास झाली. प्रोग्रॅमचं नाव त्यांनी ठेवलं 'कॅन्सर'. त्या काळी असे बरेच प्रोग्रॅम संरक्षण खात्याच्या पैशावर चालत आणि किरणोत्सारात सर्किट तगेल का, हे तपासायची सोय त्यांत असे. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पेटलेल्या बर्कलीत पोरांनी 'किरणोत्सार वगळून' असं 'कॅन्सर'च्या पूर्ण इंग्रजी रूपातच घालून टाकलं. वर्गातल्या लॉरेन्स नेगल यांनी पुढे पेडरसन यांच्या हाताखाली तो नव्यानं घडवला. 1973 साली कॅनडातल्या वॉटर्लू इथल्या परिषदेत तो जगापुढे आला तेव्हा त्याचं नाव होतं 'स्पाइस'.

याची गरज काय होती? ब्रेडबोर्डवर रेझिस्टर चुकला तर उपटून दुसरा खोचता येतो. चिप एकदा बनून आली की तिच्यात हात घालता येत नाही. वागणूक आधीच कळायला हवी.

स्पाइसचा पाया किर्चहॉफच्या नियमाचा: जोडबिंदूत जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर पडतो. प्रत्येक बिंदूचं समीकरण मांडायचं आणि सगळी एकदम सोडवायची. नुसते रेझिस्टर असतील तर हे कॉलेजातलं साधं गणित. पंचाईत डायोड आला की होते, कारण व्होल्टेज 60 मिलिव्होल्टनं वाढलं की त्यातला करंट दसपट होतो. मग न्यूटन-रॅफसन पद्धत घ्यावी लागते. अंदाज धरायचा, तिथे वक्राला स्पर्शिका काढायची, ती नेईल तो पुढचा अंदाज.

5 व्होल्टचा पुरवठा, 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि एक डायोड एका ओळीत जोडा. उत्तर तोंडपाठ आहे: डायोडवर सुमारे 0.7 व्होल्ट, करंट 4.3 मिलिअँपिअर. पण शून्यापासून सुरुवात केली तर तिथे वक्र जवळपास आडवा असतो, आणि स्पर्शिका थेट 5 व्होल्टपाशी नेऊन सोडते. तिथे डायोडचं समीकरण करंट सांगतं तो 1 वर 70 शून्यं इतके अँपिअर! न्यूटन तिथून माघारी फिरतो खरा, पण दर फेरीला जेमतेम 26 मिलिव्होल्ट. म्हणजे दीडशेवर फेऱ्या, आणि स्पाइस मुळात 100 फेऱ्यांत हात टेकतं. म्हणून एका फेरीत डायोडचं व्होल्टेज किती उडी मारू शकेल, यालाच स्पाइसमध्ये वेसण घातलेली आहे. मग उत्तर मोजक्या फेऱ्यांत येतं. माझ्या मते या प्रोग्रॅमची खरी करामत असल्या युक्त्यांत आहे, न्यूटनच्या सूत्रात नाही.

पेडरसन यांनी स्पाइस सोर्स कोडसकट फुकट वाटलं. घेणाऱ्यांनी चुका आणि सुधारणा कळवाव्यात, एवढीच अपेक्षा. विद्यार्थी नोकरीला गेले ते स्पाइस बगलेत मारून, आणि चिप कंपन्यांनी त्यावरून आपापल्या आवृत्त्या काढल्या.

पंच कार्डांच्या जमान्याच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत. गठ्ठ्यातलं पहिलं कार्ड शीर्षकाचं, म्हणून आजही फाइलची पहिली ओळ स्पाइस शीर्षकच समजतं. तिथे रेझिस्टर लिहिलात तर तो गेलाच. मोठं 'एम' आणि छोटं 'एम' त्याला सारखंच, दोन्हींचा अर्थ मिलि. मेगासाठी 'मेग' लिहावं लागतं. एक मेगाओहमच्या जागी एक मिलिओहम बसवून आउटपुट सपाट का, म्हणून डोकं खाजवणारी मुलं कुठल्याही लॅबमध्ये सापडतील.

पवईच्या आयआयटीतल्या 'फॉसी' प्रकल्पाचा 'ई-सिम' हा मोफत प्रोग्रॅम आपल्याकडची अनेक मुलं वापरतात. त्याच्या पोटात आहे 'एनजीस्पाइस', बर्कलीच्या स्पाइसचाच वंशज.

ट्रान्झिस्टर कसा वागतो हे मात्र स्पाइसला समीकरणांतून सांगावं लागतं. त्या समीकरणांचा संच म्हणजे मॉडेल, आणि विद्यापीठांतलं संशोधन आज इथे जोरात आहे. मोबाइलच्या चिमुकल्या फास्ट चार्जरमध्ये जे गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर असतात, त्यांचं एक मॉडेल कानपूरच्या आयआयटीतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांच्या कामातून आलं. 2018 साली उद्योगानं ते प्रमाण म्हणून स्वीकारलं. सेमीकंडक्टर म्हटलं की आपल्याकडे चर्चा फक्त हजारो कोटींच्या कारखान्यांची होते. या कामाला लागतं मोजमापाचं टेबल, संगणक आणि समीकरणं घासत बसणारे पीएचडीचे विद्यार्थी.

घासायचं अशासाठी, की मॉडेल मोजमापाशी जुळलं म्हणून भागत नाही. वक्रात बारीकशी खाच राहिली तरी तिथे स्पर्शिका सैरभैर होते, न्यूटन त्या खाचेभोवती घुटमळत राहतो आणि चिप कंपनीतल्या कुणाच्या तरी पडद्यावर उत्तराऐवजी एरर येते.